अर्ध्या ओळींचे पक्षी

कुणीतरी खोटे सांगितले, आणि सांगून मोकळे झाले. खरी ओळ पहिल्याच फटक्यात उतरते, उतरली नाही तर ती तुझी नव्हेच, असे जे कुणी पहिल्यांदा बोलले, त्याचे नाव कुणाला ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही. त्याला शिक्षाही झाली नाही. पण त्या एका बोलण्यापायी किती हात लेखणी न धरताच म्हातारे झाले, याचा जाब कधीतरी, कुणीतरी मागायलाच हवा होता.

एका राज्यात, डोंगरांच्या ओंजळीत वसलेल्या राज्यात, धृतवर्मा नावाचा राजा होता. तिथे गोष्टींना मान होता. पेरणी झाली की गोष्ट, बारसे झाले की गोष्ट, भांडण मिटले की त्या भांडणाचीच गोष्ट. असे असताना एके दिवशी कल्माष नावाचा मांत्रिक दरबारात आला. त्याला वारा बांधता येत होता, सावल्यांना कामाला लावता येत होते. पण त्याला हवी होती गोष्टीची दाद. स्वतः लिहिलेली गोष्ट तो वाचू लागला. वाचता वाचता एक शब्द ओबडधोबड पडला. मागच्या रांगेत कुणी फिसकन हसले. मग पुढची रांग हसली. मग राजा हसला.

कल्माष थांबला. त्याने पाने मिटली आणि हात अंगरख्यात ओढून घेतले.

"माझी गोष्ट अर्धी राहिली," तो म्हणाला. "आता या राज्यात जो कुणी गोष्ट अर्धी टाकील, तो पक्षी होईल, आणि त्याच्या चोचीत तेवढीच अर्धी ओळ उरेल. माझ्या गडावर यावं, तीन दारं ओलांडावीत, एक गोष्ट शेवटाला न्यावी. त्या दिवशी शाप सुटेल."

दुसऱ्याच सकाळी राजलेखक सुमेध भर दरबारात लिहायला बसला. एक शब्द चुकला. त्याने तो खोडला. आणि सगळ्यांच्या देखत त्याचा बगळा झाला.

दरबार हादरला. लोक म्हणाले, खोडल्यानेच घात झाला. राजाने हुकूम काढला की या राज्यात लिहिलेला शब्द कुणी खोडू नये. खोडील तो हद्दपार. अशी गंमत झाली. मांत्रिकाचा शाप थांबू देईना, राजाचा हुकूम मागे वळू देईना, आणि मध्ये माणसे कोंडली गेली.

मग लोकांनी लिहिणेच सोडले. राजाच्या खजिन्यात सोन्याची पाने होती, जुन्या थोर कवींच्या ओळी त्यांवर कोरलेल्या. ज्याला पत्र धाडायचे, अर्ज करायचा, मंगलाष्टके म्हणायची, तो खजिन्यातून ओळ मागून आणी. सासरी गेलेली मुलगी आईला कळवी की सासूबाई चंद्रिकेसम शीतल आहेत. आणि त्याच हाताला सासूने दिलेला चटका ताजा असे. आईला कळायचे कसे? सगळ्याच मुलींच्या सगळ्याच सासवा शीतल होत्या.

काही हिंमतीचे लोक गडावर गेले. परत आले ते पंखांनी. झाडाझाडावर त्यांच्या ओळी ऐकू येत. पारवा म्हणे, "समुद्रापलीकडे एक शहर होतं, जिथे—" होला म्हणे, "मी तिला शेवटचं पाहिलं तेव्हा तिच्या हातात—" आणि भात पिवळे पडून उत्तरेचा वारा सुटला की हे पक्षी थव्याने डोंगर ओलांडून जात. डोंगर ओलांडला की ती अर्धी ओळही चोचीतून गळे. मग तो नुसता पक्षी. कुणाचा मुलगा नाही, कुणाचा भाऊ नाही. सुमेध पहिल्याच वाऱ्यात गेला होता, त्याला आता बरीच वर्षे झाली होती.

राजवाड्याच्या मागे, तळ्याकाठी, शाई करणाऱ्यांचे घर होते. घरात आई होती, थोरला श्रवण होता, धाकटी आर्द्रा होती. वडील शाईला लागणारी लाख आणायला घाटापलीकडे गेले होते, ते आलेच नव्हते. हिरडे भिजवून कुटायचे, दिव्याचे काजळ धरायचे, डिंक घालून घोटत राहायचे, हा त्या घराचा धंदा. शाई उतरली की ती चार अक्षरे लिहून पारखावी लागे, म्हणून दोन्ही मुलांना अक्षरे येत होती. श्रवणचे अक्षर देखणे आणि बोलणे त्याहून देखणे. आर्द्राचे अक्षर चिखलात उमटलेल्या खुरांसारखे. शेजारीपाजारी हसून म्हणत, "आर्द्रानं ढवळावं, श्रवणनं लिहावं."

भाताची लावणी चालू असताना श्रवण गडावर गेला. दोन दारे त्याने ओलांडली, अशी बातमी आली. पुढे बातमी आली नाही. एका सकाळी हिरडे वाळत घालायच्या दगडावर एक दयाळ पक्षी येऊन बसला. काळा-पांढरा, शेपटी उभी. तो म्हणाला,

"त्या सकाळी आईनं दार उघडलं, आणि—"

आत आईच्या हातून पळी पडली. तिने धावत येऊन दार उघडले. पक्ष्याने तिच्याकडे पाहिले, आणि पुन्हा म्हणाला, "त्या सकाळी आईनं दार उघडलं, आणि—"

त्यानंतर रोज सकाळी तो ती ओळ म्हणे, आणि रोज सकाळी आई दार उघडी. आर्द्राला ते पाहवेना. वारा फिरेपर्यंतच तिचा दादा दादा होता. पुढे तो कुणाचाच नव्हता.

तिने शाई पारखायच्या कागदाची कात्रणे घेतली, बोरू घेतला, आणि तळ्याच्या काठी जाऊन बसली. तिने लिहिले, "एक मडके होते. ते फुटले. संपले." मग बोरू खाली ठेवून डोळे गच्च मिटले, पिसे येतात की काय म्हणून. आली नाहीत. गोष्ट फालतू होती, पण पुरी होती.

दुसऱ्या दिवशी तिने दाराच्या कडीची गोष्ट लिहिली. मग पाय मोडलेल्या पाटाची. मग शेजारणीच्या नाकातल्या चमकीची. शब्द चुकला तर खोडता येत नव्हते, म्हणून ती चुकलेल्या शब्दाला सांभाळून घेत पुढे जाई, जसे वाटेत लंगडणारे माणूस भेटले तर त्याच्या चालीने चालावे लागते. काल लिहिलेले आज वाचताना तिचे कान तापत. तरी ती दगडावरच्या पक्ष्यासमोर बसून मोठ्याने वाची. गोष्ट वाईट असली की दयाळ पिसे साफ करत बसे. कधीमधी एखाद्या ओळीला शेपटी टपकन वर करी. त्या एका टपकन वर जाण्यासाठी आर्द्रा दिवसभर हिरडे कुटता कुटता शब्द जुळवी.

एकदा आईने पाहिले.

"आर्दे, काय चाललंय?"

"लिहितेय."

"एक उडालं. आता दुसरंही उडायचं?"

"आई, मी अर्धं टाकत नाही. झेपेल एवढंच घेते, पण पुरं करते."

आईने तिच्या हातातले कात्रण उलटसुलट करून पाहिले. मग म्हणाली, "मग नीट बस तरी. पाठीला पोक काढून काय लिहितेस?"

तळ्यावर वाकलेल्या बाभळीवर एक खंड्या बसत असे. निळी पाठ, लांब चोच, आणि स्वतःविषयी फार चांगले मत. आर्द्रा लिहीत असताना तो सूर मारी, आणि बहुतेक वेळा रिकाम्या चोचीने वर येई.

"चुकला," आर्द्रा एकदा म्हणाली.

"मला दिसतं," खंड्या म्हणाला. "तू तुझं बघ. त्या कात्रणावर तीन ओळींत पाच वेळा 'फार' आलंय."

आर्द्रा दचकली. "तुला बोलता येतं? तूही शापाचा?"

"हट्! मी जन्माचा पक्षी आहे. माझी वाक्यं पुरी असतात." त्याने पुन्हा सूर मारला, पुन्हा चुकला, अंग झाडून त्याच फांदीवर बसला. "तो 'फार' खोड की."

"खोडलं की पक्षी होतो माणूस. राजलेखकाचं काय झालं, ठाऊक नाही तुला?"

"मला नाही तर कुणाला ठाऊक? दरबार बसला होता त्याच्या पाठीमागे. मी होतो समोर, खिडकीच्या कट्ट्यावर. त्यानं खोडलं, हे खरं. मग लेखणी हवेत धरून मान वर केली, आणि मागे कोण हसतंय याचा कानोसा घेत बसला. मी तळ्यात सूर मारला, मासा आणला, कट्ट्यावर आपटला, गिळला, तरी हा आपला बसलेलाच. पुढचा शब्द काही लिहीना. मग कुठं त्याला पिसं आली."

"मासेचोराच्या साक्षीवर कोण विश्वास ठेवील?"

"नको ठेवूस," खंड्या म्हणाला. "मासे काही त्यानं कमी होत नाहीत."

आर्द्राने विश्वास ठेवला नाही. पाळण्यात असल्यापासून अंगात मुरवलेली भीती एका खंड्याच्या बोलण्याने थोडीच जाते? पण ते बोलणे तिच्या मनात कुठेतरी पडून राहिले.

पाऊस सरला. कात्रणांचा ढीग वाढला. आणि एका सकाळी खाचरांत भात पिवळे दिसू लागले. दगडावरचा दयाळ अस्वस्थ होऊन सारखा उत्तरेकडे मान वळवू लागला. त्याची ओळही आता आखूड झाली होती. "आईनं दार उघडलं, आणि—" एवढेच तो म्हणे. कोणती सकाळ, ते त्याला आठवेनासे झाले होते.

आर्द्रा त्याच दिवशी राजासमोर जाऊन उभी राहिली. राजाचे केस त्या हसण्याच्या दिवसापासून पांढरे झाले होते.

"अक्षर कसं आहे तुझं?" राजाने विचारले.

"वाईट, महाराज."

"मग कोणत्या बळावर जातेस?"

"रोज लिहिते, महाराज."

"चांगलं लिहितेस?"

"कधीकधी. पण शेवटापर्यंत लिहिते."

राजाने खजिन्यातून सोन्याची तीन पाने मागवली. "तुझ्या भावानं ही नाकारली. तू नाकारू नकोस. थोरांच्या ओळी आहेत. अडशील तिथं लाव."

तिने पाने कमरेला खोचली, दौत घेतली, बोरू घेतला, दयाळाला खांद्यावर बसवले आणि गडाची वाट धरली. वाटेतली झाडे पक्ष्यांनी काळी झाली होती. सगळ्यांची तोंडे उत्तरेला होती. वारा अजून सुटला नव्हता, पण पाने हलायची थांबली होती.

पहिले दार लोखंडाचे होते. दारापुढे एका चौथऱ्यावर काहीतरी ठेवले होते. दार म्हणाले, "समोर आहे ते लिही."

आपले शब्द इथे कसे चालतील, असे वाटून तिने पहिले सोन्याचे पान काढले आणि दाराला लावले. त्यावर लिहिले होते, "रत्नखचित पात्रात अमृताचा सागर हेलावत होता." दाराने पान गिळले. कडी आणखी घट्ट झाली. खांद्यावर दयाळाची नखे रुतली.

मग आर्द्राने चौथऱ्याकडे नीट पाहिले. ते मडके, कडी, पाट यांसारखेच घरातले काहीतरी होते. असल्या वस्तू तिच्या ओळखीच्या होत्या. तिने लिहिले, "दगडाची वाटी आहे. काठाचा टवका उडालाय. आत पाणी आहे, आणि पाण्यात एक मुंगी काठ शोधते आहे." बोरू वर उचलण्याआधीच दार उघडले. जाता जाता तिने मुंगीला बोटाने बाहेर काढले.

दुसरे दार तोंडांचे होते. दगडात कोरलेली शेकडो तोंडे, आणि सगळी जिवंत. मधले तोंड म्हणाले, "हसू ऐकत लिही."

तिने बोरू टेकवला मात्र, तोंडे फिदीफिदी हसू लागली. आवाज ओळखीचे होते. "शाईवाल्यांची पोर लिहितेय म्हणे!" "अक्षर बघा, अक्षर! कोंबडी नाचलीय कागदावर!" "अगं, भावाला जमलं नाही ते तुला जमणार?" तिने घाईने दुसरे सोन्याचे पान काढून पुढे धरले.

तोंडे गप्प झाली. मग त्यांचा सूर बदलला. "वाहवा," तोंडे म्हणाली. "वाहवा! काय ओळ आहे!" आर्द्राला आयुष्यात इतके गोड कुणी बोलले नव्हते. ती ऐकत राहिली. ऐकता ऐकता हात खाली आला. करंगळीला काहीतरी टोचले. तिने पाहिले, नखाच्या मुळाशी काळे बारीक पीस फुटले होते.

तिने सोन्याचे पान दरीत भिरकावले. "हसा," ती म्हणाली, आणि लिहू लागली. ती हसणाऱ्या तोंडांचीच गोष्ट होती. कुणाचा दात पडला आहे, कुणाच्या ओठावर शेवाळ आहे, कोण आधी हसते आणि कोण शेजारच्याचे बघून हसते. तोंडे हसत होती आणि ती लिहीत होती. गोष्ट संपली तेव्हाही तोंडे हसतच होती, पण दार उघडे होते आणि करंगळीचे पीस गळून पडले होते.

तिसरे दार उघडेच होते. आत मोठे दालन, एकच खिडकी, एक कोरे पान. आणि खिडकीपाशी, हात अंगरख्यात लपवून, कल्माष बसला होता. तिला वाटले होते तसा तो भयंकर नव्हता. बरेच दिवस झोप न लागलेल्या माणसासारखा दिसत होता.

"एक गोष्ट शेवटाला ने," तो म्हणाला. "कोणाची आणली आहेस?"

"भावाची. त्यानं इथंच सोडली ती."

"तो तुझ्याहून चांगला लिहीत होता."

"हो," आर्द्रा म्हणाली, आणि बसली.

तेवढ्यात खिडकीतून वारा आत आला. थंड, कोरडा, उत्तरेचा. बाहेर सगळ्या झाडांवर एकदम पंख फडफडले. दयाळ तिच्या खांद्यावरून उडून खिडकीच्या चौकटीवर बसला. "दार उघडलं, आणि—" तो म्हणाला. त्याला आता आईही आठवत नव्हती.

आर्द्राने लिहिले, "त्या सकाळी आईनं दार उघडलं, आणि". पुढे बोरू थबकला. भावाची गोष्ट, भावाची देखणी ओळ. त्या ओळीला आपले खुरासारखे अक्षर कसे जोडायचे? तिने तिसरे पान काढले. त्यावर होते, "दारी सोन्याचा सूर्य हात जोडून उभा होता." तिने ते जसेच्या तसे उतरवले.

ओळ सुंदर होती. पण सूर्य दारात हात जोडून उभा राहिला, मग पुढे? आई काय म्हणाली? आर्द्राला सुचेना. त्या ओळीच्या पुढे काही नव्हतेच. खिडकीत दयाळाने पंख पसरले. बाहेर पहिला थवा उठला.

तिच्या मनगटावर पिसे फुटली. मग कोपरापर्यंत. बोटे आखडू लागली, बोरू सुटू लागला. पुढे जाता येत नव्हते. मागे जायला बंदी होती. "आणि—" दयाळ म्हणाला. फक्त तेवढेच.

आणि त्याच क्षणी आर्द्राला फांदीवर अंग झाडणारा खंड्या आठवला. मासा आपटला, गिळला, तरी हा बसलेलाच.

आखडत्या बोटांनी तिने बोरू पकडला, दौतीत बुडवला, आणि सोन्याच्या ओळीवरून आडवी रेघ ओढली.

कल्माष ताडकन उठला.

आर्द्राने मान वर केली नाही. मान वर केली तर संपले, हे तिला कळले होते. तिने रेघेच्या पुढे लिहिले, "दारात अंधार उभा होता." खोटे. सकाळ होती. तिने ते खोडले. "दारात दुःख उभे होते." हेही मागून आणलेलेच. खोडले. कोपरावरचे एक पीस गळून पानावर पडले. तिने फुंकर मारून बाजूला केले. पान घाण होत गेले, शाई ओघळली. बाहेर दुसरा थवा उठला. दयाळाचे पाय चौकटीवरून सुटले, वाऱ्याने त्याला उचलले. आणि तिला वडिलांची वाट पाहण्यातली ती सकाळ आठवली. थोरांनी पाहिलेली नव्हे. तिने पाहिलेली, गोधडीतून, एका डोळ्याने.

तिने लिहिले, आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचत गेली:

"त्या सकाळी आईनं दार उघडलं, आणि दारात कुणी नव्हतं. ती चौकट धरून उभी राहिली. मग तिनं पदरानं चौकट पुसली, जणू त्यासाठीच आली होती. आत वळून म्हणाली, 'पोरांनो, उठा. हिरडे भिजलेत.' आम्ही उठलो. त्या दिवशीची शाई फार काळी उतरली."

बोरू तिने खाली ठेवला. "संपली," ती म्हणाली.

कुणी हसले नाही.

खिडकीबाहेर काहीतरी धप्पकन पडले. मग चौकटीला दोन हात लागले, माणसाचे, आणि श्रवण धापा टाकत आत चढला. त्याच्या केसांत पिसे अडकली होती.

"दारात कुणी नव्हतं," तो म्हणाला. "मला ठाऊक होतं, आर्दे. पण एवढंच साधं लिहायची लाज वाटली. काहीतरी मोठं सुचेल म्हणून थांबलो."

"दादा, आधी पाणी पी," आर्द्रा म्हणाली, आणि मग रडली.

खाली, पिवळ्या खाचरांत, झाडांखाली, वाटांवर माणसे उभी राहत होती. कुणी म्हणत होते, "समुद्रापलीकडे एक शहर होतं, जिथे..." आणि पुढचा शब्द चाचपडत होते. पूर्वीच्या वाऱ्यांत डोंगर ओलांडून गेलेले मात्र आले नाहीत. ते शाप सुटण्याआधीच निघून गेले होते, आणि त्यांची भरपाई कोणत्याही जादूत नव्हती.

कल्माष ते पान हातात घेऊन उभा होता. हात अंगरख्याबाहेर होते. त्यांवरून करडी पिसे झडून जमिनीवर ढीग झाला होता. गोष्ट अर्धी टाकून जो सर्वांत आधी थांबला, त्यालाच त्याचा शाप सर्वांत आधी लागला होता.

"पान घाण आहे," तो म्हणाला.

"आहे."

"पण शेवट आहे." तो आपल्या बोटांकडे बघत होता. "माझ्या गोष्टीत एक शब्द वाईट पडला होता."

आर्द्राने बोरू त्याच्यापुढे धरला.

"पुन्हा वाईट पडला तर?" मांत्रिकाने विचारले.

"पडेलच," आर्द्रा म्हणाली. "मग खोडा. पण बसून राहू नका."

दोघे भावंडे घरी पोचली तेव्हा दार लोटलेले होते. श्रवणने हाक मारली नाही. नुसता दगडाजवळ उभा राहिला. आईने दार उघडले, आणि दारात तो होता. आई चौकट धरून उभी राहिली. चौकट पुसायला मात्र तिला सुचले नाही.

मग दरबार भरला. राजा धृतवर्म्याने आपला जुना हुकूम मागवला, लेखणी घेतली, आणि सगळ्यांच्या देखत, मान खाली घालून, त्यावर आडवी रेघ ओढली. रेघ वाकडी आली. मागच्या रांगेत कुणी हसले, पण तो लिहीतच राहिला. त्याने खाली नवा हुकूम लिहिला, त्यातलेही दोन शब्द खोडले, आणि तसाच वेशीवर लावायला दिला. उरलेली सोन्याची पाने खजिन्यातच राहिली, पण वाचायला. मागून न्यायला नव्हे. कल्माष त्या दिवाळीत दरबारात आला, आपली गोष्ट शेवटापर्यंत वाचून गेला. ती तशी मध्यमच होती. दरबाराने ती पुरी ऐकली.

मुली आता आईला पत्रात लिहू लागल्या की सासू कशी आहे. त्यातून बरीच भांडणे झाली, आणि बऱ्याच मुली वेळेवर माहेरी आल्या.

आणि आर्द्रा? ती हिरडे कुटते, शाई घोटते, आणि रोज तळ्याकाठी बसून लिहिते. शापाची ही सारी हकिगत तिने लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली, आणि एका दुपारी बाभळीखाली बसून खंड्याला अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवली. खंड्याने सगळे ऐकून घेतले, पाण्यात सूर मारला, चुकला, फांदीवर येऊन अंग झाडले, आणि म्हणाला,

"बरी आहे. पण एवढ्या लांबलचक गोष्टीत मासा एकच, आणि तोही घाईत गिळलेला. पुन्हा लिही."